घाटावर उभं राहिलं, तर घाटी कोण?

गोव्यातून अनमोडचा घाट चढून वर आलं की जोयडा तालुका सुरू होतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा दाट रानाचा मुलूख. घरात कोकणी, कचेरीत कन्नड, बाजारात आणि भजनात मराठी, अशी इथली रोजची घडी. एका गावाच्या नावाला इथे तीन भाषांचे कान लागलेले असतात आणि प्रत्येक कानाला वेगळं काहीतरी ऐकू येतं. टोपणनावांचं तर विचारूच नका. घाट उतरला की अर्थ बदलला, नदी ओलांडली की पुन्हा बदलला.

अशा नावांच्या उगमाच्या गोष्टी गोळा करण्यात फार मजा आहे. एक मात्र लवकर कळतं. नाव ज्याला चिकटलं त्याच्याकडे कितीही निरखून पाहिलं तरी उगम हाती लागत नाही. ते ठेवणारा कुठे उभा होता, हे आधी शोधावं लागतं.

वरचा आणि खालचा

सुरुवात सगळ्यात गाजलेल्या शब्दापासून करू: घाटी. कोकणात, गोव्यात, मुंबईत घाटी म्हणजे घाटावरचा माणूस. इथवर सगळे एकमताने बोलतात, पुढे फाटे फुटतात.

मुळात घाट म्हणजे डोंगर नव्हेच. घाट म्हणजे उतरण्याची वाट. नदीच्या पाण्यापर्यंत उतरणारी किंवा डोंगरावरून खाली येणारी. बोरघाट, आंबोली घाट, अनमोड घाट ही सगळी वाटांची नावं. युरोपातून आलेल्यांनी वाटेचं नाव उचललं आणि अख्ख्या सह्याद्रीला चिकटवलं. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ सालच्या प्रसिद्ध शब्दकोशात हा अर्थाचा प्रवास नोंदवलेला आहे. त्या हिशेबाने घाटी म्हणजे वाटेने आलेला माणूस. किती साधा, निरुपद्रवी शब्द!

मग तो बोचरा झाला कुठे? मुंबईत. पुणे, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरण्यांत, गोदीत, हमालीवर आली. पारशी आणि गुजराती घरांत घरगड्याला घाटी आणि कामवाल्या बाईला घाटण म्हणू लागले. शब्द भूगोलाचा होता, तो कामाचा झाला आणि मग पायरीचा. पुढे तर मुंबईतल्या अमराठी तोंडी सरसकट मराठी माणूसच घाटी ठरला. गिरगावातला मालवणी साताऱ्याच्या शेजाऱ्याला घाटी म्हणायचा आणि बाहेर पडल्यावर त्यालाच कोणी घाटी म्हणून हाक मारायचा. जन्म सगळा समुद्रकाठी गेला तरी!

गोव्यात शब्दावर अनुस्वार चढतो: घांटी. तिथे तो घाटापलीकडून आलेल्या कोणालाही लागतो, मग तो बेळगावचा असो, हुबळीचा असो की सोलापूरचा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कन्नड बोलणारे घट्टदवरु म्हणतात, म्हणजे घाटावरचे. शब्द तोच, प्रत्यय तेवढा वेगळा. किनाऱ्यावर उभं राहून डोंगराकडे पाहणाऱ्या साऱ्यांना हेच नाव सुचलं.

अमेरिकेत 'यांकी' या शब्दाची हीच गंमत आहे. परदेशी माणसाला सगळे अमेरिकन यांकी. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्यांना फक्त उत्तरेकडचे यांकी. उत्तरेत गेलं की ते ईशान्येच्या न्यू इंग्लंडकडे बोट दाखवतात. शब्दाचा उगम कोणी डच लोकांच्या 'यान' या नावात शोधतं, कोणी मूळ रहिवाशांच्या भाषेत. वाद मिटलेला नाही, पण नाव कसं सरकतं ते स्पष्ट दिसतं. आपण जसजसे जवळ जाऊ तसा यांकी पुढे पुढे जातो.

आता हे जोयड्याला लावून पाहा. इथले कुणबी गोव्याकडून घाट चढून वर आले, असं परंपरा सांगते. बोली कोकणी, देव गोव्याकडचे. कारवारच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर ते घाटावरचे. धारवाडच्या सपाटीवरून पाहिलं तर रानातले. गोव्यातून पाहिलं तर घांटी, पण त्यांचे सोयरे गोव्यातच! घाटी हा शब्द जिथे सपशेल थकतो ती जागा म्हणजे नेमका घाटमाथा.

आणि एका शहरात घाटी या शब्दाचा कोणालाच राग येत नाही. छत्रपती संभाजीनगरात "घाटीत नेलं" म्हटलं की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केलं, एवढाच अर्थ. मराठवाड्यातल्या हजारो माणसांसाठी घाटी म्हणजे वाचण्याची आशा. मुंबईच्या वाण्याकडे सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरचीचा घाटी मसाला मिळतो, तोही लोक हौसेने मागून नेतात. तरीही तोंडावर कोणाला घाटी म्हणू नये, असंच मला ठामपणे वाटतं. ज्याला तो शब्द ऐकून घ्यावा लागला, त्याला मूळ अर्थ समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो.

काळी आणि पांढरी

जोयडा तालुक्याचं जुनं नाव सुपा. मराठी वाचकाला सुपे म्हटलं की शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर आठवते. हे सुपा त्याहून निराळं. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं हे गाव तालुक्याचं ठिकाण होतं. गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचं सुपा धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. गाव बुडालं तरी नाव धरणाला राहिलं. जुनी माणसं अजून "सुपा तालुका" म्हणतात आणि जुन्या कागदांवरही तेच सापडतं.

काळी नदी याच तालुक्यात दिग्गीजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळते. नाव कशावरून? एक पक्ष म्हणतो, कालीमातेवरून. नदीच्या मुखाशी कालीमातेचं बेट आणि मंदिर आहेच. दुसरा पक्ष म्हणतो, दाट रानातून येणाऱ्या पाण्याच्या रंगावरून. माझं मत दुसऱ्या पक्षाला. कारण सुप्याला तिला येऊन मिळणारी नदी पांढरी आहे! एक काळी आणि एक पांढरी अशी जोडी असेल तर नावं रंगाचीच असणार. देवी मागाहून आली असावी आणि नाव आयतंच जुळलं म्हणून राहिली असावी.

मराठी गावगाड्यात तर या जोडीला आणखी एक अर्थ आहे. गावाच्या वस्तीची जमीन ती पांढरी आणि कसायची ती काळी. त्यामुळे सुप्याच्या संगमाकडे मराठी कानांनी ऐकलं तर गाव आणि शेत एकमेकांना भेटल्यासारखं वाटतं. हा अर्थ नाव ठेवणाऱ्याच्या मनात होता असा माझा दावा नाही, पण ऐकू येतो तो येतोच.

या नदीचं नाव अलीकडे आणखी मोठं झालं. अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्पाचं नाव २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प असं करण्यात आलं. आणि काळा रंग तर राज्याच्या नावातही शोधला जातो. 'कर्नाटक' हे 'करु नाडु'वरून आलं असं बहुतेक मानतात. पण करु म्हणजे काळी माती की करु म्हणजे उंच पठार, यावर विद्वानांचे दोन तट आहेत. घाटावरून पाहणारा उंच म्हणणार, शेतातून पाहणारा काळी म्हणणार.

झटपट चार गावं

*जगलबेट.* पाट्यांवर कुठे जगलबेट, कुठे जगलपेट. कन्नडमध्ये जगळ म्हणजे भांडण, पेटे म्हणजे बाजार, बेट्ट म्हणजे डोंगर. कन्नड कानाला इथे भांडणाचा बाजार भरतो, नाहीतर भांडणाचा डोंगर उभा राहतो. मराठी कानाला मात्र बेट ऐकू येतं, म्हणजे कळकाचं बेट. या भागातली बांबूची बनं पाहिली की मराठी कान खोटा आहे असं म्हणवत नाही.

*दांडेली.* शेजारचं गाव, आता स्वतंत्र तालुका. एक कथा सांगते की मिराशी जमीनदारांचा दांडेलप्पा नावाचा निष्ठावान सेवक होता, त्या निष्ठेपायी त्याचा जीव गेला, लोकांनी त्याला देव केलं आणि गावाला त्याचं नाव दिलं. दुसरी कथा दंडकनायक नावाच्या राजाची. तो या रानातून गेला आणि आपलं नाव ठेवून गेला. राजा विरुद्ध सेवक असा हा सामना आहे. देऊळ सेवकाचं आहे, त्यामुळे लोकांचा कौल कुठे पडला ते उघड आहे.

*सिंथेरी.* रानात सरळ उभा राहिलेला, तीनशे फुटांच्या घरातला प्रचंड कडा आणि पायथ्याशी वाहणारी कानेरी नदी. हा कडा बाहेरच्या जगाला सिंथेरा नावाच्या इंग्रज बाईमुळे कळला आणि तिचंच नाव पडलं, असं सांगतात. रानातल्या माणसांना तो कडा त्याआधीही दिसतच होता, हे इथे आवर्जून लिहून ठेवतो.

*कॅसलरॉक.* इंग्रजी हद्दीचं शेवटचं रेल्वे स्टेशन. १८८० च्या दशकात मुरगावहून आलेली पोर्तुगीज हद्दीतली लोहमार्गाची वाट इथे येऊन मिळाली. इंग्रजांना इथला खडक किल्ल्यासारखा दिसला, म्हणून हे नाव. खाली उतरणाऱ्या घाटाला मात्र ब्रागांझा घाट म्हणतात. ब्रागांझा हे पोर्तुगालचं राजघराणं. एकच डोंगर, वरून इंग्रजी आणि खालून पोर्तुगीज. १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ही देशाची सरहद्द होती, म्हणून या स्टेशनावर सामान उघडून तपासायचे.

याच तालुक्यातल्या उळवीची गोष्ट मात्र झटपट उरकण्यासारखी नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणमध्ये बसवण्णांच्या शरणांवर, म्हणजे अनुयायांवर, संकट आलं, तेव्हा चन्नबसवण्णांसह अनेक जण या रानात आले. चन्नबसवण्णांची समाधी इथेच आहे आणि माघी पौर्णिमेच्या जत्रेला बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्यांची रीघ लागते. कन्नडमध्ये उळिवु म्हणजे शिल्लक राहणं, तगून जाणं. शरण इथे वाचले म्हणून हे उळवी, असं भाविक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटो न पटो, या जागेचा इतिहास तिने एका शब्दात धरून ठेवला आहे.

गोवेकर जेव्हा 'कानडी' होते

आता एक खरोखर चक्रावणारं नाव. पोर्तुगीजांनी गोव्यातल्या स्थानिक माणसांना काय म्हणावं? कानारीं! म्हणजे कानडी. आणि त्यांच्या कोकणीला 'कानारीं भाषा'. क्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स मराठी वाचकाला परिचित आहेत. त्यांनी लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही 'कानारीं' भाषेचं व्याकरण म्हणूनच. नाव वाचून कन्नडचं व्याकरण समजून उघडलं तर आत कोकणी!

हा घोटाळा कसा झाला? एक मत असं की विजयनगरच्या काळापासून किनाऱ्याची ओळख कन्नड राज्यामुळे होती, आणि पोर्तुगीजांनी तीच गोव्यापर्यंत ताणली. दुसरं मत म्हणतं, याचा कन्नडशी संबंध नाही; 'किनारा' या शब्दावरून किनाऱ्याची माणसं ती कानारीं. दुसरं मत ऐकायला गोड आहे, पण मला पहिलंच खरं वाटतं. जहाजातून उतरणाऱ्याला किनाऱ्यावरच्या भाषांमधला फरक लगेच कळत नाही. पहिलं कानावर पडलेलं नाव तो सगळ्यांना लावून मोकळा होतो. पुढे या शब्दाला हिणवणीचा वास लागला. जिल्ह्याचं इंग्रजी अमदानीतलं 'नॉर्थ कॅनरा' हे नाव याच घराण्यातलं. मंगळूरला १९०६ मध्ये सुरू झालेल्या बँकेने तो कॅनरा अजून जपला आहे.

इंग्रज अंमलदारांनी एकमेकांनाही टोपणनावं ठेवली होती आणि त्यात आपला जिल्हा मोठ्या गमतीने सापडला. मद्रास इलाख्यातले साहेब ते 'मल', मुलिगटॉनी सुपावरून. मूळ तमिळ शब्दांचा अर्थ मिरीचं पाणी. बंगालातले 'कुई-हाय', कारण दिवसभर नोकरांना "कोई है?" म्हणून हाका. आणि मुंबई इलाख्यातले 'डक', म्हणजे बदक, बॉम्बे डकवरून. उत्तर कॅनरा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. कारवारचं बंदर कापसासाठी हवं होतं. म्हणजे तोवर या जिल्ह्यावर मिरीच्या पाण्याचं राज्य होतं आणि १८६२ नंतर बदकांचं!

बॉम्बे डक हा पक्षी नव्हे हे मराठी वाचकाला सांगायला नको. तो आपला बोंबील. त्याला बदक का म्हणायचं? सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी: सुके बोंबील डाकगाडीने जायचे, डब्याला तो वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक', त्याचं झालं डक. किती चपखल! पण तारखा आडव्या येतात. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि 'बॉम्बे डक' हे माशाचं टोपणनाव लंडनमध्ये छापलेल्या १८२९ च्या पुस्तकात आहे. गाडीच्या आधी वास कसा येणार? व्युत्पत्तीची कुठलीही सुरेख गोष्ट ऐकली की पहिल्यांदा सनावळी काढून बघावी, ही सवय मला या बोंबलाने लावली.

तुम्ही आम्हाला काय म्हणता, आम्ही तुम्हाला काय म्हणतो

मराठी माणूस कन्नडिगाला कानडी म्हणतो. कन्नड माणूस मराठ्यांना पूर्वी काय म्हणायचा? आरे. जुन्या कन्नडमध्ये मराठी मुलखातल्या लोकांना आरेयरु म्हटलेलं सापडतं. थर्स्टनच्या १९०९ सालच्या दक्षिण भारतातल्या जातीजमातींच्या ग्रंथात 'आरे' हा शब्द मराठी या अर्थानेच नोंदवला आहे. तेलंगणात आजही 'आरे मराठा' आहेत. उगम काय? बरेच जण 'आर्य'कडे नेतात. दक्षिणेकडून पाहिलं तर मराठे म्हणजे उत्तरेचे. दिल्लीहून पाहिलं की हेच मराठे दख्खनी. पुन्हा तेच, पाहणारा कुठे उभा आहे तो प्रश्न.

आणि मराठीतला सगळ्यात मोठा 'कानडा' तर पंढरपूरला विटेवर उभा आहे. ज्ञानदेवांनी आपल्या अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटलं, कर्नाटकु म्हटलं. एक पक्ष सरळ अर्थ घेतो: हा देव कर्नाटकातून आला. दुसरा पक्ष म्हणतो, कानडा म्हणजे कळायला अवघड, अगम्य. आणि कर्नाटकु म्हणजे नाना नाटकं करणारा, लीलाधर. रा. चिं. ढेरे यांनी 'श्री विठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाच्या दक्षिणेकडच्या मुळांचा जो शोध घेतला आहे, तो वाचल्यावर पहिला अर्थ झटकून टाकता येत नाही. पण ज्ञानदेवांसारखा कवी दोन्ही अर्थ ऐकू येतील असाच शब्द निवडेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. सीमेवरच्या तालुक्यात, जिथे कन्नड आणि मराठी एकाच ओट्यावर बसतात, तिथे हा अभंग भजनात म्हटला जातो तेव्हा कोणालाच अर्थाची निवड करावी लागत नाही.

धन की दन? सिद्दी की हबशी?

जोयडा, हल्याळ, यल्लापूरच्या रानात म्हशी राखणारे धनगर गवळी आहेत. पूर्वज महाराष्ट्रातून आलेले, बोली मराठी. मराठी माणूस सांगणार, धन म्हणजे गुरंढोरं, म्हणून धनगर. काहींच्या मते हे नाव डोंगराच्या एका जुन्या नावावरून आलं. पण कन्नडमध्ये त्यांना दनगर गौळी लिहितात, आणि कन्नडमध्ये 'दन' म्हणजेच गुरं! एका 'ह'काराच्या फरकाने दोन्ही भाषा एकाच गोठ्यात येऊन पोचतात. वाद घालणारे दोघेही म्हशींकडेच बोट दाखवत असतील, तर असा वाद रोज व्हावा.

सिद्दी हे नाव मराठी कानाला जंजिऱ्याची आणि पन्हाळ्याला वेढा घालणाऱ्या सिद्दी जौहरची आठवण देतं. उत्तर कन्नडच्या रानातले सिद्दी वेगळ्या वाटेने आले. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेली माणसं घाट चढून पळाली आणि हल्याळ, यल्लापूरकडच्या जंगलात स्वतःची घरं करून राहिली. त्यांची बोलीही कोकणी वळणाची. शब्दाचा उगम अरबी 'सय्यिदी' म्हणजे 'माझे धनी' यात सांगतात. अरब जहाजांच्या कप्तानांना तो मान होता आणि पुढे आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांनाच तो लागला, असं एक स्पष्टीकरण आहे. ज्यांना गुलाम म्हणून विकलं त्यांच्या नावाचा अर्थ धनी! हबशी हे दुसरं नाव अरबीतल्या हबश म्हणजे इथिओपियावरून. जंजिऱ्याच्या मुलखाला त्यावरूनच हबसाण म्हणायचे. पण इथल्या सिद्दींचे पूर्वज बहुतांश आफ्रिकेच्या आग्नेय भागातले, त्यामुळे हबशी हे नाव भूगोलातच चुकलेलं. २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर गेले, राज्याच्या विधिमंडळात पोचलेले पहिले सिद्दी.

आपणच निवडलेलं नाव

सगळी नावं दुसऱ्यांनी चिकटवलेली नसतात. मुंबई, ठाणे, वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून आलेले ख्रिस्ती पोर्तुगीज प्रजा होते. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनचे इथले, हे त्यांना सांगायचं होतं. पश्चिम किनाऱ्यावरचे भूमिपुत्र ईस्ट इंडियन का, हे कोडं असं सुटतं.

उलट्या दिशेचा वाद ऑगस्ट २०२५ मध्ये पेटला. गणपतीला गावी जाणाऱ्या कोकणी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी म्हणतात. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरकारी व्यवहारात त्याऐवजी 'कोकणवासीय' वापरण्याचे निर्देश दिले, कारण शब्दात चाकर आहे. एकाला त्यात चाकर दिसतो, दुसऱ्याला मान. पण चाळीच्या एका खोलीत राहून, मनिऑर्डरी पाठवून ज्यांनी गावची घरं उभी ठेवली, त्यांच्या पोरांना हा शब्द ऐकला की आधी एस.टी.च्या टपावरचं सामान आठवतं. मला तो शब्द जायला नको आहे.

कुणबी: एक शब्द, किती मुलूख

जोयड्याचं खरं नाव घ्यायचं तर कुणब्यांचं घ्यावं लागतं. रानातली ही माणसं कंदमुळांची नामी जाणकार. मुडली, कोन, कणंग यांच्या कितीतरी जाती त्यांनी राखल्या आहेत आणि जोयड्याला कंदांचा मेळाही भरतो.

कुणबी शब्दाचा उगम काय? उत्तरं घ्या. संस्कृत 'कुटुंबिन्', म्हणजे घर-कुटुंब असलेला शेतकरी. किंवा 'कुण' म्हणजे माणसं आणि 'बी' म्हणजे बियाणं. एका बीचे अनेक दाणे करणारे लोक. किंवा द्राविडी 'कुळ', म्हणजे कसणारा. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी तर हे मुळात एखाद्या टोळीचं नाव असण्याची शक्यताही सोडली नाही. बियाण्याची गोष्ट सगळ्यात लाडकी आहे आणि जोयड्याच्या कंदांकडे पाहून ती खरी असावी असं मनापासून वाटतं. पण भाषेचे जाणकार बहुधा कुटुंबिन् कडेच झुकतात.

शब्द फिरला किती! डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ गोव्यात होता. १५९६ च्या त्याच्या प्रवासग्रंथात गोव्यातल्या कष्टकऱ्यांची दोन नावं आहेत: कानारीं आणि कोरुंबीं. कोरुंबीं म्हणजे आपले कुणबी. पोर्तुगीज छळाच्या काळात दक्षिणेकडे गेलेली एक शाखा केरळात कुडुंबी झाली. तिथे मल्याळी कानाला त्यात कुडुमी, म्हणजे शेंडी, ऐकू आली आणि डोक्यावरच्या शेंडीवरून हे नाव अशी नवी व्युत्पत्ती तयार झाली. गुजरातेत कणबी होते, त्यांनी पुढे पाटीदार हे नाव घेतलं. उत्तरेतल्या कुर्मींचाही शब्द याच कुळातला असल्याचं अनेक जण मानतात.

महाराष्ट्रात हा शब्द आज घराघरात आहे. २०२३ पासूनच्या मराठा आरक्षण आंदोलनाने लोकांना पणजोबांच्या जुन्या दाखल्यांत 'कुणबी' ही नोंद शोधायला लावली. हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींवरून २ सप्टेंबर २०२५ रोजी शासन निर्णयही निघाला. आणि हे काही नवं नाही. मराठा आणि कुणबी यांच्यातली रेघ कुठे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

महाराष्ट्रात कुणबी म्हणजे इतर मागासवर्ग. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अनमोडचा घाट चढून वर आलं की तेच नाव, तीच कोकणी, तेच सोयरसंबंध. पण जोयड्याच्या कुणब्यांना तो दर्जा नाही. त्यासाठी ते वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, मोर्चे काढत आहेत. गोव्यात दिलेल्या मुलीची मुलं जमातीत मोडतात आणि माहेरी राहिलेल्या भावाची मोडत नाहीत. मधे फक्त एक घाट आहे आणि एक राज्याची सीमा. शब्द कुटुंबिन् वरून आला की बियाण्यावरून, हा वाद विद्वानांनी खुशाल चालू ठेवावा. जोयड्याच्या कुणब्याला दाखल्यावर हवा असलेला शब्द मात्र लवकर मिळायला हवा.